वरच्या पट्टीचं काही

आओमोरीच्या बंदरामागे, मासळीच्या गोदामाखाली
अठरा पायऱ्या उतरलं की आमचं तळघर.
चिकटून उभी राहिली तर साठ माणसं मावतात.
आज अकरा आहेत.
त्यातले तिघे पुढच्या बँडचे,
एक ड्रमवालीचा मामा, भिंतीला टेकून, ओव्हरकोटासकट.

मी आवाजाच्या टेबलामागे.
एकतीस वर्षं झाली.
डावा कान गेल्यात जमा,
उजव्यातूनही वरच्या पट्टीचं काही येत नाही :
किटलीची शिट्टी, उन्हाळ्यातले झाडावरचे किडे,
नातीचं फोनवरचं बोलणं.
मालकाला सांगितलेलं नाही.
झांज किती टोचते आहे
ते मी पहिल्या रांगेच्या पापण्यांवरून ठरवतो.

बँडचं नाव ‘मीठ आणि कात्री’.
तिघी जणी, आणि बासवर एक मुलगा
जो इस्त्रीचा शर्ट घालून येतो
आणि घाम आला की आधी गिटार पुसतो.
इथला नियम जुना : पंधरा तिकिटं बँडने खपवायची,
उरतील त्यांचे पैसे पदरचे.
सात खपली.
मुलाने पाकीट आधीच आणून ठेवलंय, दोन्ही हातांनी.

गाणारी इओरी.
दिवसा ती फेरीच्या धक्क्यावर असते,
गळ्यात निळा रुमाल, समोर काच, काचेत माईक.
एकदा बहिणीला हाकोदातेच्या बोटीवर सोडायला गेलो
तेव्हा पाहिलं :
तिचे ओठ हलले,
सगळी माणसं एकदम उठली, बॅगा उचलल्या,
आणि मला कापसात बुडवलेलं
काहीतरी पांढरं ऐकू आलं.

तो आवाज शिकवतात म्हणे. तीन आठवडे.
कपाळातून काढायचा.
बोलताना हसायचं, हसू ऐकू जातं.
पोटातून काही येऊ लागलं
तर गिळायचं आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून.

मग रात्री ते गिळलेलं सगळं येतं.

तामाए चार काठ्या मोजते
आणि इओरी तोंड उघडते तेव्हा
माझ्या टेबलावरची चहाची पेली सरकते.
हा आवाज मला कानाने ऐकावा लागत नाही,
खुर्चीच्या पायांतून वर चढतो,
बरगड्यांत गोदामाचं शटर ओढल्यासारखा.
मामा भिंतीपासून बोटभर सुटा होतो.

तिसरं गाणं नवं होतं.
चाल अशी नाहीच, एकाच सुरावर घासत जाणारी,
शब्द मात्र, पहिल्या दोन ओळींतच कळलं, धक्क्यावरचे :
बोट सुटायला दहा मिनिटं आहेत
पायाखाली पाहून चाला
विसरलेल्या वस्तू तीन महिने ठेवल्या जातील
तीन महिने
तीन महिने
त्यानंतर आम्ही जबाबदार नाही

एवढंच.
शेवटचं वाक्य तिने अकरा जणांना
अकरा वेळा ऐकवलं असेल.
माझा हात फेडरवर होता, मी तो हलवला नाही.
म्हणजे हे सांगत होती ती, त्या दिवशी काचेमागून.

नंतर नेहमीचं. वायरी गुंडाळणं,
अँप्लिफायर अठरा पायऱ्या वर,
बाहेर बर्फ, मुलाच्या शर्टाची इस्त्री तशीच.
इओरी प्रत्येकापुढे वाकून आभार मानते,
मालकापुढे, मामापुढे, पुढच्या बँडपुढे;
लोक मान हलवून हसतात,
म्हणजे तोच आवाज असणार, कपाळातला.

मग माझ्याकडे येते.
हनुवटी खाली घेते
आणि जाड, दगडी आवाजात, सावकाश म्हणते :
“कुदोसान, आज वर जरा कर्कश झालं का?”

दोन वर्षं मी समजत होतो
गाऊन हिचा घसा बसतो.

“थोडं,” मी म्हणालो.
“पुढच्या वेळी कमी करू,” ती म्हणाली,
तितक्याच खालून,
आणि माझी थंड झालेली पेली
धुवायला घेऊन गेली.