घटांगच्या पुढं टावर नाई

परतवाड्याहून निंघालो का घटांगवरी फोन बोलते,
मंग चढाव लागला का मुका.
सेमाडोहच्या पुलावर एक दांडी येते, जाते,
मासोळीवानी.

गावंडे बाईनं माह्या जीपीत डबी बसवली,
काड्याच्या पेटीएवढी, टपावर तिचा एक कान.
अशीच गुल्लूच्या दुधाच्या गाडीत, अशीच यष्टीत.
मने, "भाऊ, टॉवर नसला तरी चालेल.
समोरून गाडी आली की ही डबी तिच्याशी बोलते.
वळणावर जोडणी तुटते,
पण तुटायच्या आधीच पुढची गाडी हेरून ठेवते."

मी हासलो.
बाई, आमी इतकी वर्सं दुसरं काय केलं?
डिप्पर दोनदा: नाक्यावर साहेब हाय.
खिडकीतून हात खाली दाबला: गवे रस्त्यावर.
हरिसालची चिठ्ठी माह्यापासून यष्टीले,
यष्टीपासून कासदेकरच्या फटफटीले,
आन् फटफटी जाते तिथं
दुसऱ्या कोनाचाच रस्ता जात नाई.
एकदा एक चष्मा असाच पाच गाड्या बदलून
चुनखडीच्या मास्तरच्या नाकावर पोचला.
काच एकच फुटली होती.

ते मने, "तुमची आणि गुल्लूभाऊंची भेट
सरासरी अकरा सेकंदांची. अकरात खूप होतं."
खरं हाय.
अकरात मी भाव सांगतो, शिवी देतो,
तमाखूची पुडी फेकतो, तो झेलते.

बुधवारी धारणीच्या दवाखान्यातून
मले एकच निरोप देल्ला, गुल्लूसाठी.
त्याचा फोन लागत नव्हता.
कोलकासच्या वळणावर त्याची गाडी दिसली.
मी डिप्पर देल्ला नाई. जीप आडवी लावली.
त्यानं काच खाली केली. दोन्ही इंजिनं चालू,
मांगं दुधाचे क्यान एकमेकाले लागून वाजत होते.
"काय बे?"
मी त्याच्या आरशाले बांधलेली
लाल रिबिन पायत रायलो.
त्याच्या पोरीची.

शनिवारी बाईनं कागद काढला, एका ओळीवर बोट ठेवलं.
"इथं काहीतरी गडबड आहे. बुधवार, सहा वाजून दहा.
जोडणी चार मिनिटं, एकदम पक्की,
आणि निरोप शून्य.
डबी बिघडली का हो?"

मी मनलं, डबी चांगली हाय.
मांगून यष्टीनं हॉर्न देल्ला,
मनून चारच मिंटं झाले.