लीड टाइम

पहिल्याच तासाला इंगवले मॅडमनी फळ्यावर लिहिलं, लीड टाइम.
मागणी नोंदवल्यापासून माल हातात पडेपर्यंतचा काळ.
मग वळून विचारलं, शून्य लीड टाइम पाहिलाय कुणी?
वर्ग गप्प. पंखा तेवढा खटखटत होता.

मी पाहिला होता.
गंगावेशीत, रात्री आठला,
तात्या म्हैस धरून उभे.
तालमीतला पोरगा येतो, कानामागं तांबडी माती तशीच,
म्हणतो, हिंदूतात्या, अर्धा लिटर.
आणि तिथंच धार. आधी चर्र, मग नुसता फेस.
गोदाम नाही, साठा नाही, पॅकिंग नाही,
कारखानाच चार पायांनी बाजारात आलेला.

पण मी बोललो नाही.
सकाळी शेण काढलेल्या हाताला
साबण पुरत नाही, असं वाटायचं तेव्हा.

बोललो नाही, असंच म्हणतो मी.
आमच्याकडं पोरी अशाच बोलतात : आलो, गेलो, जेवलो.
राजारामपुरीत जर्मनच्या क्लासला सर दटावायचे,
डेअर, डी, दास पाठ करा, तीन लिंगं आहेत.
म्हटलं, सर, तो, ती, ते आमच्यातबी हाईत,
आन् मी तर लागंल ते वापरतो.

शिरोलीच्या फाउंड्रीत इंटर्नशिप केली.
काळं, पंचवीस किलोचं कास्टिंग
तावडे हॉटेलपाशी हायवेला लागतं,
न्हावाशेवाला कंटेनरात बसतं
आणि महिना-दीड महिन्यानं हाम्बुर्गला उतरतं.
त्याला ना व्हिसा, ना मुलाखत.
एकावर पांढऱ्या रंगानं नंबर घातला मी
आणि हळूच म्हटलं, हो पुढं.

शेवटच्या वर्षी एफओबी शिकलो.
माल जहाजावर चढला की विकणाऱ्याची जोखीम संपली,
तिथून पुढं घेणाऱ्याची.
घरी सांगितलं तर आई भाकरी थापता थापता थांबली.
पोरीच्या बाबतीत ही जागा कुठं अस्ती गं?
म्हटलं, बघून सांगतो.

मुलाखत दुपारी साडेतीनला, तिकडं बारा.
गोठ्याच्या माळ्यावर बसलो, रेंज तिथंच येते.
ब्रेमेनच्या बाईंनी विचारलं,
जवळून माहीत असलेली एखादी पुरवठा साखळी सांगा.
कास्टिंगची पाठ होती, तारखांसकट.
तेवढ्यात खाली गजरी हंबरली, माइकमध्ये गेलं,
आणि तोंडात म्हैसच आली.

सगळं सांगितलं. माती, माप, फेस.
बाई हसल्या नाहीत. विचारलं, परतीची फेरी रिकामी?
हो, रिकामी. पण वाट तिला ठाऊक असते,
तात्या मागनं मोबाइल बघत चालतात.
दूध सगळं विकलं जातं?
नाही. एक सड सोडतात, रेडकाचा.
गिऱ्हाईक उभं असलं तरी?
असलं तरी.
मग तो हिशेबात कुठल्या रकान्यात धरता?

त्याला आमच्यात रकाना नाही, असं म्हणालो.
किंवा म्हणाले असेन.
इंग्रजीत कळत नाही, नक्की कोण बोलतंय.

उत्तराला सहा आठवडे लागतील, असं लिहून आलंय.
तात्या विचारत नाहीत.
फक्त हल्ली गंगावेशीला मलाही नेतात,
कासरा हातात देतात आणि म्हणतात,
घे काढून, तिकडं मशिनी असतील.

लोक बघतात, पोरगी धार काढती म्हणून.
बघूदेत.
काल गर्दी होती, बुधवार असून.
एक माणूस शेवटी आला, स्कूटर चालूच ठेवून,
दुप्पट देतो म्हणाला.
तीन सड झाले होते.
उद्या या, म्हटलं,
आणि गजरीला घराकडं वळवलं.