लादी

निघायच्या आदल्या रात्री मी विशूला विचारलं,
किती लाद्यांचा असन वं तो बर्फ?
ती हसली. म्हणाली, एकच लादी आहे दादा,
साडेपाचशे किलोमीटर लांब,
आणि खाली भुसा नाही.

मी मारेगावच्या बर्फ कारखान्यात ऑपरेटर.
अमोनियाचा वास शर्टातून जात नाही,
लग्नाच्या पंगतीत लोक जरा सरकून बसतात.
मे महिन्यात आमच्याकडे पंचेचाळीस.
लादी साच्यातून सुटते तशी घामेजते,
पोत्यात गुंडाळेपर्यंत
कडा गोल झालेल्या असतात.

गेल्या उन्हाळ्यात ती वणी रोडनं
कमरेला दोर बांधून टायर ओढायची,
पहाटे चारला, कोळशाच्या ट्रकांच्या उजेडात.
पानठेल्यावरचे म्हणायचे, काऊन वं पोट्टे, बैल इकला का?
एकदा झिंगरू पंक्चरवाल्यानं तिला थांबवलं,
दोराची गाठ सोडून खाली बांधली.
कमरेतून ओढ, म्हणाला, खांद्यातून नको.
गावानं तिला शिकवलं ते एवढंच.

आता रात्री एक मेसेज येतो, उपग्रहावरून.
"आज १९. वारा समोरून. चौघं बरे."
चौघं म्हणजे ती, लडाखची एक मुलगी,
कोल्हापूरकडचा एक डॉक्टर
आणि नॉर्वेचा एक म्हातारा, जो बोलतच नाही.
मी कंप्रेसरमागच्या भिंतीवर खडूनं मांडतो.
एकोणीस म्हणजे इथून वणी.
मग वरोरा. मग चिमूर, दोन मुक्काम करून.
भाऊसा हमाल लादी ओढता ओढता वाचतो,
म्हणतो, नागभीडच्या पुढचं मले काई ठाऊक नाही,
तिकडं तिची ती पाहून घेईन.

एकदा जरा मोठा मेसेज आला.
"वाऱ्यानं बर्फ नांगरून ठेवलाय. सगळी तासंच तासं.
घसरगाडी दर तासात उलटते."
भाऊसानं जन्मभर काळ्या मातीत तास धरलाय,
घड्याळाचा नाही, नांगराचा.
पोतं खांद्यावर तसंच धरून तो उभा राहिला.
तासाले आडवं जाऊ नये, म्हणाला,
तिरपं धर म्हणा.
मी पाठवलं नाही. तिकडं अक्षरं महाग आहेत,
आणि तिला काय सांगायचं आपण बर्फाबद्दल.

नागभीडला ती थांबली.
एक रात्र. दुसरी.
तिसऱ्या रात्री इकडे लाईट गेली,
मिठाचं पाणी तापू लागलं,
साच्यांच्या पोटात लाद्या कच्च्या राहिल्या.
आई फाटकापर्यंत येऊन परत गेली,
काही विचारलं नाही.

दीड वाजता एक मेटॅडोर आली.
सहा लाद्या पाहिजेत, म्हणाले.
या वेळी कशाला, मी कधी विचारत नाही,
मेमध्ये रात्री सहा लाद्या एकाच कामाला लागतात.
तरी विचारलं.
पोरगा पुण्याहून निघाला आहे, म्हणाले,
तो येईपर्यंत ठेवायचं आहे.
जुन्या साठ्यातल्या, आरपार दिसणाऱ्या सहा निवडून दिल्या.
भुसा झटकला. पैसे मोजून घेतले.
मेटॅडोर गेल्यावर
पाणी गळाल्याची रेघ रस्त्यावर बराच वेळ दिसत होती,
मी टॉर्च मारून मारून तीच बघत होतो.

मेसेज आला तेव्हा उजाडलं होतं.
"तंबू तीन दिवस गाडलेला. फावड्यानं पाळी पाळीनं.
डाव्या गालाची जाणीव नाही, डॉक्टर म्हणतो येईल.
आज ६. तिरपं धरलं."

भाऊसा म्हणाला, सहाच?
सहाच.
सहात तर नागभीडची वेस बी नाही सुटत.
खडू घेतला मात्र त्यानंच.
त्याला आकडे लिहिता येत नाहीत,
त्यानं सहा रेघा मारल्या,
तिरप्या.

लाईट आली नव्हती.
कच्च्या लाद्या बाहेर काढून फोडल्या,
मधलं पाणी इतकं गार
की दाताला कळ लागली.
ट्रकवाले उतरून आले, पोरं आली,
आई बसली पायरीवर, ओंजळ पुढे करून.