कच्चा रंग

नळाला पाणी आलं पाचव्या दिवशी, पहाटे साडेतीनला.
पिंप, घागरी, बादल्या, शेवटी
हे पातेलंही भरून घेतलं
आणि म्हटलं, आज पाक करूच.

वाटीला वाटी. साखर तेवढंच पाणी.
उकळी फुटली की चमचाभर दूध,
मळी वर येते, ती झाऱ्यानं काढायची,
जसा कुंडावरचा फेस काढायचो
अक्कलकोट रोडच्या डाय-हाऊसमध्ये.
फक्त इथं नाक बांधावं लागत नाही.

पहिल्या खेपेला लिंबू पिळायचं राहिलं.
बाटलीत रातोरात खडीसाखर धरली,
उलटी केली तरी थेंब पडेना.
अंबुबाई म्हणाली, आत एक दोरा सोडायचा होता,
नैवेद्याचं तरी काम झालं असतं.

बाटल्या महादेवप्पाच्या परमिट रूममधल्या,
लेबलं भिजवून खरवडलेल्या,
सोडा घालून दोनदा उकळलेल्या.
तरी समोरचा गुंडेटी खिडकीतून बघत राहिला:
रिटायर होऊन हे काय धरलं यानं?
त्याला एक ग्लास पाठवला.
ग्लास धुऊन परत आला,
आणि मागोमाग तो.

वाळा आणतो मधल्या मारुतीजवळून,
फडक्यात बांधून गरम पाकात सोडतो,
झाकण ठेवतो
आणि विसरून जायचं असतं सकाळपर्यंत.

हे विसरणं मला लवकर जमलं नाही.
एकतीस वर्षं मी रंगाला धरून ठेवत आलो.
मीठ टाकून, सोडा टाकून, वाफ देऊन
टॉवेलच्या एकेका धाग्याला बजावत,
की बाबा, सुटू नकोस.
परदेशी गिऱ्हाईक पांढऱ्या फडक्यानं घासून बघायचं,
फडकं पांढरं राहिलं तर आमची दिवाळी.
आणि आता मी ओट्याशी स्टूल टाकून
मांजरासारखा बसतो
कधी सुटतंय म्हणून.

आलेगेले विचारतात, वाळा हिरवा कसा नाही हो?
हिरवा मी पिंपानं ओतलाय, म्हणतो.
तो वाळ्याचा नसतो.

अंबुबाईला मात्र त्यातलं काही कळत नाही.
रोजच्या हजार विड्या, चाळीस वर्षं.
तंबाखूच्या खकाण्यात तिचं नाक
कधी गेलं, कोणी तारीख लिहिली नाही.
गुलाबाची बाटली उघडून पुढं धरतो:
कसा आहे वास?
गोड, म्हणते.
मी बूच लावतो.

तेव्हा कुंपणाच्या जाळीवरची गोकर्णाची फुलं तोडली.
वीसेक. हिरवे देठ काढून,
पाक खाली उतरवल्यावर टाकली.
निळा असा उतरला की
जुना शेड नंबर जिभेवर आला आणि गिळला.
ग्लासात पाणी, दोन चमचे पाक,
आणि वरून लिंबाची अर्धी फोड, तिच्या डोळ्यांदेखत.

निळ्याचा जांभळा झाला.

एकदा कोणीतरी कुंडात अ‍ॅसिड जास्त ओतलं होतं.
दोनशे किलोचा लॉट असाच फिरला,
माझा दीड महिन्याचा पगार घेऊन.
म्हणून अजूनही छातीत धस्स होतं,
हात नकळत पगाराच्या खिशाकडं जातो.

ती मात्र हनुवटी टेकून बघत होती,
पहिल्यांदाच काहीतरी पिण्याआधी थांबून.
आणखी एकदा करा, म्हणाली.
चार लिंबं संपली.
बाहेर त्रेचाळीस, पंखा गरम हवा ढवळतोय,
ओट्यावर चार ग्लास, चारही जांभळे,
कोणी प्यायलेलं नाही.

मग तिनं एक उचलला, अर्धा केला, आणि म्हणाली,
चालु.

आमच्या तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
इथल्या मराठीत म्हणजे आत्ता कुठं सुरू.
लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली,
ती कुठल्या भाषेत म्हणते ते मी अजून विचारलेलं नाही.

मी ओततो.