रेघेची जाडी

शिरोड्याच्या जुन्या मिठाच्या कोठारात आता तिची चित्रं राहतात.
तिकीट वीस रुपये, ज्येष्ठांना दहा.
मी ज्येष्ठ. तरी वीसच दिले,
सुट्टे दोघांकडेही नव्हते.

भिंतींना अजून मीठ फुटतं.
खिडकीखाली एक पोरगी, हातात फडकं,
दर तासाला पुसते आणि वहीत टिपून ठेवते
कुठल्या कोपऱ्यात किती ओल.
"वायच लांबसून बघा हां," म्हणाली,
"हात लावू नकात. घामान रंग जाता."

पहिल्या दालनात पांढरं.
दुसऱ्यातही पांढरंच, पण किंचित जांभळट,
आगरातलं पाणी आटताना
कडेला पापुद्रा धरतो, त्याच्यासारखं.
इतपत कळलं. पुढे नाही.
चष्मा पुसला, पुन्हा लावला. पांढरं.

खरं तर मी चित्रं बघायला आलोच नव्हतो.
इंदुमती आरोलकर हे नाव
सत्याहत्तर साली माझ्या फायलीत होतं:
अर्जदार. समोर पास्कू डिसोजा.
वाद एका बांधाचा, दोन माडांचा, एका उंडीचा.

मी साखळी ओढली, खुंट्या ठोकल्या,
तिच्या ओसरीवर नकाशा पसरला.
वारा फार, म्हणून चार कोपऱ्यांवर
तिनेच आमसुलाच्या चार बरण्या आणून ठेवल्या.
नखांत रंग होता. मला वाटलं,
घर रंगवायला काढलंय.

वाकून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली,
"ही रेघ जमिनीवर किती भरते?"
म्हटलं, नकाशाच्या मापानं धरली तर दीड हात.
"मग त्या दीड हातात कोण राहतं?"

पास्कूनं विडी विझवली.
"माझी म्हस रवता."

मी नियम सांगितला:
रेघेला क्षेत्र नसतं, बाई.
हे वाक्य नोकरीत शेकडो वेळा म्हटलंय.
त्या दिवशी मधेच घसा खाकरावा लागला.

तिसऱ्या दालनात एकच चित्र. भिंतभर.
शाई पाण्यात पातळ केली की होते
तसली काळपट राखाडी,
कुठे सुरू होत नाही, कुठे थांबत नाही.
जवळून बघितलं तर आत वाळूची खरखर,
रंगाखाली गाडलेलं उंडीचं पान, शिरांसकट,
आणि अगदी खाली, गुडघ्याच्या उंचीवर,
काहीतरी खुरासारखं.
असेल, नसेल. शपथेवर सांगणार नाही.

पाटीवर: हद्द. तैलरंग, वाळू. १९७७ ते १९८९.

बारा वर्षं.
मी तीच रेघ टाकानं
अर्ध्या मिनिटात गिरवून मोकळा झालो होतो.

हात उचलला, पोरगी खाकरली.
मग पावलांनी मोजली, भिंतीच्या कडेकडेनं.
सात पावलं.
परत येताना आठ भरली.

"काय दिसला, आजोबानू? माका रोज बघून पण काय्येक कळना नाय."
म्हटलं, ह्या जागेची मोजणी मी केली होती.
"मगे ती जागा आता कोणाची?"
पास्कूचे मुलगे मडगावला. ही तर गेलीच.
बांध कुठल्यातरी उधाणात वाहून गेला म्हणतात,
माडांचं मला ठाऊक नाही.

अभिप्रायाची वही पुढे केली तिनं.
लिहिलं: मोजणी केली. क्षेत्र जुळत नाही.
खाली सही, हुद्दा, सवयीनं तारीख.

कागद दमट. शाई पसरत गेली,
एकेक अक्षर जाड होत गेलं.
वही मिटवेना.
फुंकर घालत तसाच उभा राहिलो
आणि सावंतवाडीची गाडी चुकली.