निदान रेषा

मैदान घणसोलीतच आहे, तळवलीकडे जाताना,
हायटेन्शनच्या तारांखाली.
दमट हवेत तारा घूं घूं करतात,
आणि संध्याकाळी वारा फिरला की
खाडीचा वास जाऊन एमआयडीसीचा येतो.

सात महिने मी आले नव्हते.
कुणी विचारलं तर आई सांगायची, घोटा मुरगळलाय.
सात महिने कुणाचा घोटा मुरगळत नाही,
हे सगळ्यांना माहीत होतं.

त्याचं नाव इथे लिहीत नाही.
ठाण्याच्या कोर्टात ते आहे, टाईप करून, तीन प्रतींत.
तेवढं पुरे.
तिथे बाकावर बसले की मी आधी दारं मोजायचे.
त्याच्या बाजूच्या वकीलबाईंनी विचारलं,
रागानं नाही, फॉर्म भरून घेतल्यासारखं,
ओरडली नाहीस?
नाही.
घसा होता. आवाजही होता.
दोघांची गाठ पडली नाही.

भोईर मॅडमनी काहीच विचारलं नाही.
चुन्याची पिशवी हातात दिली,
म्हणाल्या, प्रांजल, रेषा पुसट झाल्यात, मारून घे.
मी वाकून वाकून मारल्या.
मध्यरेषा. लॉबी. बोनस.
आणि निदान रेषा,
जी चढाईत निदान एकदा तरी ओलांडावीच लागते,
नाहीतर कुणी हात न लावताही तुम्ही बाद.
दहाव्या वर्षापासून पाठ आहे हे मला.
त्या दिवशी हातातून चुना सांडत राहिला.

पहिला आठवडा नुसत्या रेषाच मारल्या.

मग आफरीन.
डाव्या कोपऱ्यावर खेळते,
तिची पकड ऐरोलीपर्यंत माहीत आहे.
समोर येऊन उभी राहिली, म्हणाली,
धरू?
कबड्डीत असं कुणी विचारत नाही.
नको, म्हटलं.
बरं, म्हणाली, आणि बाटलीतलं पाणी प्यायली.
दुसऱ्या दिवशी, धरू?
नको.
तिसऱ्या की चौथ्या दिवशी, धरू?
मनगट धर. फक्त मनगट.
तिनं धरलं. मी चारपर्यंत मोजलं.
सोड म्हटलं.
तिनं सोडलं.

एवढंच झालं.
मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसले
आणि टी-शर्टची बाही चावून रडले.

घरी बाबांनी दाराला तिसरी कडी लावली होती.
आई काटे काढून बोईट वाढायची,
सहा वर्षांच्या मुलीला वाढतात तसं.
एका रात्री मी म्हटलं, काटे राहू दे.
तिचा हात ताटावर थांबला.
मग तिनं अख्खी तुकडी वाढली
आणि मी जेवेपर्यंत
माझ्याकडे न बघण्याचा फार प्रयत्न केला.

काल गोठिवलीशी मॅच.
चढाईला मी.
कबड्डी कबड्डी कबड्डी,
न थांबता, पंचाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं,
तसा नियमच आहे.
निदान रेषेच्या पलीकडे पाय पडला,
आणि मग हात,
कंबरेला, गुडघ्याला, त्या न मुरगळलेल्या घोट्याला.
मी खाली. तोंडात माती.
क्षणभर ती खोली आली, पंख्याची तीन पाती,
त्यातलं एक वाकडं.
पण घसा चालूच होता.
कबड्डी कबड्डी कब
दम तुटला.
शिट्टी वाजली आणि सगळे हात एकदम सुटले.
गोठिवलीच्या एका मुलीनं मला ओढून उभं केलं.
तिच्या भुवईला आमचा चुना लागला होता.

बाद.
बाकावर येऊन बसले. नुसती बाद.
टँकरमागे बाबा उभे होते,
मी ओळखू नये म्हणून हेल्मेट घालूनच.

आमच्या खेळात जो आधी बाद होतो
तोच आधी उठतो.
कोपऱ्यात आफरीननं कुणाला तरी धरलं,
न विचारता.
मॅडम ओरडल्या,
प्रांजल, आत.