खापर

पैनगंगेची माती, त्यात लीद, राख
आणि चाळलेली वाळू थोडी जास्त.
पाण्याच्या माठाला मी असं करत नाही.
मोहाच्या रांजणाचं पोट वेगळं,
आत फुलं श्वास घेतात;
फार भाजलं तर गुदमरतात,
कच्चं राहिलं तर सगळं भुईच पिते.

हे मला बापानं नाही शिकवलं.
जंगूबाई मडावी इस्लापूरच्या बाजारात
टिचकी मारून, कान लावून
सतरा भांडी बाजूला सारायची,
अठरावं डोक्यावर घ्यायची.
त्या सतरांचा आवाज मी पाठ केला.

मग एका चैत्रात जमादार आले.
परसात अर्धा पुरलेला रांजण,
तिच्या सासूच्या हातचा,
लाठीच्या दोन ठोक्यांत बसला.
तीन दिवस गावाला वास,
कोंबड्या तिरक्या चालायल्या.
पंचनाम्यात लिहिलं:
मातीचे भांडे एक, किंमत शून्य.

ती आली ती पदरात खापर बांधून.
हे कुटून नव्या मातीत घाल, म्हणाली,
ह्याला समदं ठावं आहे.
मी म्हणालो, बाई,
आव्यात काहीच ध्यानात राहत नाही,
आग सगळ्यांना सारखंच कोरं करते.
खापर तसंच ठेव. धुऊ नको.
नवा रांजण भरलास की तळाशी सोड.

चौथ्या दिवशी तिचा नातू सायकल दामटत आला:
काका, रांजण बोलायलाय!
जाऊन कान लावला. खरंच,
भिंतीपलीकडं कुणी हळू आवाजात
हिशेब करत बसावं, तसं.

बाकीचे तुकडे तिनं वाटले म्हणे.
एक कोलामपोडावर, एक मांडवीला,
एक माहूरच्या वाटेवरल्या बहिणीला,
एक अशा घरी, जिथं तिचं बोलणंही नव्हतं.
पूर्वी एक रांजण होता.
जमादारांनी अकरा केले.

गेल्या साली तेच जमादार, रिटायर होऊन,
माझ्याकडं माठ घ्यायला आले.
त्यांनीही टिचकी मारली,
कानानं कमी ऐकू येतं तरी.
मी हाताला लागला तो काढून दिला.

परवा बसस्टँडवर भेटले.
म्हणाले, पाणी बेस गार होतं,
पण मोह गळायला लागला की
जरा गोडसर लागतं. काय असेल?

माती, म्हणालो.
इकडली मातीच तशी आहे.